थव्याने राहणारे मासे आणि घरातील मत्स्यपेटी

पावसाळा ओसरू लागला की भातशेतीच्या पाटात किंवा ओहोळाच्या संथ डोहात बोटभर लांबीच्या माशांचे थवे दिसू लागतात. काठावर उभे राहून पाहावे तो आपली सावली पाण्यावर पडते आणि सारा थवा एका क्षणात, जणू कोणी आज्ञा द्यावी तसा, वळून दिसेनासा होतो. हे दृश्य खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. त्याच जातकुळीचे दोन मासे शहरातील दुकानातून काचेच्या गोल बरणीत घालून घरी आणले जातात, कपाटावर ठेवले जातात आणि बहुधा पंधरवड्याच्या आत मरतात. मग घरातील मंडळी म्हणतात, “आम्हांला मासे लाभत नाहीत.”

वास्तविक लाभण्या-न लाभण्याचा येथे काही संबंध नाही. असे मासे मरण्याची कारणे प्रामुख्याने तीन आहेत. पहिले, थव्याने राहणाऱ्या प्राण्यास एकटे किंवा दुकटे ठेवणे; दुसरे, त्याच्या गरजेच्या मानाने फारच थोडे पाणी देणे; आणि तिसरे, पाणी मासे ठेवण्यास योग्य होण्यापूर्वीच त्यांना आणण्याची घाई करणे. ही तिन्ही कारणे टाळता येण्याजोगी आहेत आणि त्यासाठी मोठा खर्च करावा लागतो असेही नाही. उष्ण प्रदेशातील गोड्या पाण्याचे, थव्याने राहणारे लहान मासे घरी अथवा शाळेत कसे सांभाळावेत, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

थवा कशासाठी?

मासे एकत्र दिसले म्हणजे ते सदैव शिस्तीने रांगेत पोहतात असे नव्हे. धोका नसेल तेव्हा ते एकमेकांच्या सोबतीने परंतु सैलपणे वावरतात, खाद्य शोधतात, परस्परांचा पाठलागही करतात. धोक्याची चाहूल लागताच मात्र ते जवळ येतात आणि एकाच दिशेने, एकाच वेगाने पोहू लागतात. थव्यात राहण्याचे फायदे उघड आहेत. अनेक डोळे पहाऱ्यावर असल्यामुळे शत्रू लवकर दिसतो. सारखे दिसणारे अनेक मासे एकदम हलू लागले की नेमका कोणता पकडावा याविषयी शिकारी माशाचा गोंधळ उडतो. आणि एकास खाद्य सापडले की इतरांसही त्याचा सुगावा लागतो.

हे सारे साधते ते मुख्यतः दोन ज्ञानेंद्रियांमुळे. एक डोळा आणि दुसरी पार्श्वरेषा. माशाच्या दोन्ही अंगांवर कल्ल्यांपासून शेपटीच्या दिशेने गेलेली ही संवेदनशील रेषा पाण्यातील सूक्ष्म हालचाल टिपते. डोळ्यांवर तात्पुरते आच्छादन घातलेला मासादेखील थव्याबरोबर पोहू शकतो, असे ब्रिटनमधील संशोधकांनी 1976 साली प्रयोगाने दाखवून दिले. याहूनही नवलाची गोष्ट ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी 1938 साली प्रसिद्ध केली. काही माशांची त्वचा जखमी झाली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळते आणि त्याचा वास येताच त्याच जातीचे इतर मासे भयभीत होऊन लपतात किंवा घट्ट थवा करतात. आपण घरी पाळतो त्यांपैकी बार्ब, डॅनिओ व टेट्रा हे मासे याच प्रकारात मोडतात. यावरून एक व्यवहारातील धडा घेण्यासारखा आहे. जाळीने मासा ओरबाडून पकडला, तर भय केवळ त्या एका माशास वाटत नाही, ते सबंध टाकीत पसरते.

अशा माशास एकटे ठेवले म्हणजे त्याचा पहारा कधी संपतच नाही. तो कोपऱ्यात दडतो, रंग फिका पडतो, खाद्यावर येत नाही. सततच्या ताणाने त्याची रोगप्रतिकारशक्ती खालावते आणि एरवी सहज सोसला असता असा रोगही त्याला मारून जातो. दोघे-तिघे ठेवल्यास आणखी एक अडचण उद्भवते. डॅनिओ व बार्ब या माशांत वरचढपणासाठी पाठलाग चालतो. संख्या आठ-दहा असेल तर तो सर्वांत वाटला जातो व कोणासही इजा होत नाही. संख्या दोन असेल तर त्यांतील दुबळ्यास क्षणाची उसंत मिळत नाही. म्हणून एका जातीचे किमान सहा, आणि शक्य तर आठ ते दहा मासे एकत्र ठेवावेत. चार जातींचे दोन-दोन मासे ठेवणे म्हणजे थवा नव्हे, हे आवर्जून ध्यानात घ्यावे.

माशांची निवड

माशांच्या आवडीप्रमाणे पाणी बदलत बसण्यापेक्षा आपल्या पाण्यास मानवतील असे मासे निवडणे हा सोपा व स्वस्त मार्ग होय. गोव्यात जांभ्या दगडातील विहिरींचे पाणी सामान्यतः मृदू व किंचित आम्लधर्मी असते. याउलट हैदराबाद, इंदूर यांसारख्या पठारावरील ठिकाणी कूपनलिकेचे पाणी पुष्कळदा जड असते. ग्वाल्हेरकडे हिवाळ्यातील रात्री कडक थंड, तर उन्हाळा अतिशय तीव्र असतो. हा फरक लक्षात घेऊनच निवड करावी.

नवशिक्यासाठी पट्टेरी डॅनिओ हा मासा सर्वांत योग्य होय. दुकानात त्याला झेब्रा म्हणतात. चंदेरी-पिवळसर अंगावर निळे आडवे पट्टे असलेला हा मासा चार-पाच सेंटीमीटरच्या वर सहसा वाढत नाही. तो आपल्याच उपखंडातील असून संथ ओहोळ, तळ्यांचे काठ व भातखाचरे येथे आढळतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश वैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा नदीतील माशांवरील आपल्या 1822 सालच्या ग्रंथात त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. मृदू वा मध्यम जड पाणी आणि 20 ते 28 अंश सेल्सियस तापमान त्याला मानवते. या लहानग्या माशाची योग्यता केवळ शोभेपुरती नाही. अमेरिकेतील जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी 1981 साली त्याच्यावरील संशोधन प्रसिद्ध केल्यापासून तो जगभरच्या प्रयोगशाळांत मानाचे स्थान मिळवून बसला. त्याच्या संपूर्ण जनुकीय आराखड्याचे विवरण 2013 साली प्रसिद्ध झाले. हैदराबाद येथील पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातही त्याच्यावर संशोधन होते. भातखाचरातील मासा वैद्यकशास्त्राच्या उपयोगी पडावा, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे.

गुलाबी बार्ब हाही उत्तर भारतातील, हॅमिल्टन यांनीच 1822 साली वर्णिलेला मासा. विणीच्या काळात नराच्या अंगावर तांबूस गुलाबी झाक चढते. तो काटक असून थोडी थंडीही सोसतो. त्यामुळे ग्वाल्हेर, इंदूर येथील वाचकांस तो सोयीचा ठरेल. मात्र तो डॅनिओपेक्षा पुष्कळ मोठा होतो. त्याच्यासाठी 90 सेंटीमीटर लांबीची, शंभर लिटरहून अधिक पाण्याची टाकी हवी.

सुमात्राकडील वाघ्या बार्ब हा अंगावर काळे उभे पट्टे असलेला, देखणा पण खोडकर मासा आहे. संख्या थोडी असल्यास तो इतर माशांच्या परांचे लचके तोडतो. आठ-दहांचा थवा करून, स्वतंत्र टाकीत ठेवल्यास त्याची ही खोड आपापसांतच जिरते.

निऑन टेट्रा हा दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील मासा. त्याचे शास्त्रीय वर्णन 1936 साली झाले. निळ्या-तांबड्या रेघांमुळे तो सर्वांना मोहवितो, परंतु पहिल्या प्रयत्नासाठी तो योग्य नाही. त्याला मृदू पाणी व 22 ते 26 अंश तापमान लागते. गोव्यातील विहिरीचे पाणी त्याला रुचेल, पण चैत्र-वैशाखातील उष्मा रुचणार नाही. पठारावरील जड पाण्यात दोन्ही अडचणी येतात. टाकी सहा महिने सुरळीत चालल्यावरच त्याचा विचार करावा.

खरेदी करताना एक सावधगिरी बाळगावी. आपल्याकडील पारदर्शक काचमाशाच्या अंगात सुईने भडक रंग टोचून त्याची विक्री करण्याची रीत काही व्यापाऱ्यांनी पाडली आहे. हा रंग टिकाऊ नसतो आणि टोचण्याने माशास जखमा होऊन रोगाची लागण होते. असे मासे मुळीच घेऊ नयेत. मागणी थांबली म्हणजे ही क्रूर रीतही थांबेल.

टाकी व तिची जागा

डॅनिओ हा चपळ मासा असल्याने त्याला उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. 60 सेंटीमीटर लांब, 30 सेंटीमीटर रुंद व 35 सेंटीमीटर उंच टाकीत काठोकाठ 63 लिटर पाणी मावते. वरची मोकळी जागा व तळाची खडी वजा जाता सुमारे 50 लिटर पाणी उरते. यात आठ ते दहा डॅनिओ सुखाने राहतात. गोल बरणी मात्र पूर्णपणे त्याज्य समजावी. तिच्यात पाणी थोडे आणि हवेशी संपर्क येणारा पृष्ठभागही थोडा असतो. सरळ पोहण्यास तर जागाच नसते.

पाणी, खडी व काच मिळून वरील टाकीचे वजन सुमारे 70 किलो भरते. तेव्हा ती भक्कम व समपातळीच्या चौथऱ्यावर, खाली थर्मोकोलचा पत्रा घालून ठेवावी. खिडकीतील थेट ऊन टाळावे. उन्हाने पाणी तापते आणि शेवाळही माजते. टाकीवर झाकण अवश्य असावे, कारण डॅनिओ उडी मारून बाहेर पडतो.

तळाशी बारीक, गुळगुळीत नदीची खडी स्वच्छ धुऊन पसरावी. किनाऱ्यावरील वाळू वापरू नये. तिच्यातील शिंपल्यांचा चुरा विरघळून पाणी जड होत जाते. संगमरवराच्या तुकड्यांचेही तसेच. मागील बाजूस हायड्रिला, वालिस्नेरिया यांसारख्या पाणवनस्पती लावाव्यात व पुढील भाग पोहण्यास मोकळा ठेवावा. लपण्यास जागा आहे अशी खात्री असली म्हणजे मासे उघड्यावर अधिक येतात, हा अनुभव प्रत्येकास येईल.

गाळणीसाठी हवेच्या पंपावर चालणारी स्पंजची साधी गाळणी पुरेशी आहे. तिचे काम केवळ कचरा अडविण्याचे नाही, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

पहिले सहा आठवडे: रिकाम्या टाकीचे महत्त्व

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया हे द्रव्य सतत पाण्यात टाकत असतो. उरलेले अन्न व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो माशांस विषारी आहे आणि पाणी जितके उष्ण व अल्कधर्मी, तितका त्याचा विषारीपणा वाढतो. ओहोळात तो वाहून जातो. टाकीत मात्र तो साचतो.

या विषाचा निचरा निसर्गच करतो. स्पंज, खडी व काच यांवर वाढणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातक असते, कारण ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेते. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी. काही भाग वनस्पती शोषून घेतात व उरलेले आठवड्याच्या पाणीबदलात निघून जाते. शेतकरी वाचकांस हे नवीन वाटणार नाही. शेणखत जमिनीत मुरून पिकास लागू पडते, तेव्हा मातीत हीच क्रिया घडत असते.

नव्या टाकीत हे जिवाणू पुरेशा संख्येने नसतात. ते वाढण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. ज्या दिवशी टाकी आणली त्याच दिवशी दहा मासे सोडले, तर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अमोनिया व नायट्राइट चढत जातात आणि पाणी दिसायला स्वच्छ असूनही मासे एकामागून एक मरतात. “पाणी तर काचेसारखे होते” असे मग म्हटले जाते. विष मात्र डोळ्यांस दिसत नाही.

म्हणून टाकी भरून गाळणी सुरू करावी आणि मासे न सोडता रोज चिमूटभर माशांचे खाद्य पाण्यात टाकावे. ते कुजून जो अमोनिया होतो त्यावर जिवाणू पोसले जातात. परिचितांकडे जुनी, निरोगी टाकी असल्यास तिच्या गाळणीतील स्पंजचा तुकडा आणून आपल्या टाकीत ठेवावा. विरजणाने दूध लागावे तशी या जिवाणूंची वाढ त्याने लवकर होते. अमोनिया व नायट्राइट तपासण्याची रासायनिक संचपेटी दुकानात मिळते. या काळात प्रथम अमोनिया व मागाहून नायट्राइट चढलेले दिसते. रोजचे खाद्य चालू असतानाही दोन्ही शून्यावर येऊन टिकले, म्हणजे टाकी तयार झाली असे समजावे.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांस भाजून काढते व उपयुक्त जिवाणूंसही मारते. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात, शक्यतो हवेचा पंप लावून, चोवीस तास उघडे ठेवल्यास क्लोरीन उडून जातो. घाईच्या प्रसंगी ‘हायपो’ म्हणजे सोडियम थायोसल्फेट मिळते, ते वेष्टनावरील प्रमाणात वापरावे. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन वापरतात. ते नुसते ठेवून उडत नाही, तेथे मत्स्यपेटीसाठी बनविलेले द्रावणच वापरावे. गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर लगेच ते पाणी टाकीत भरू नये.

मासे आणणे व रोजची निगा

मासे दुकानातून आणल्यावर पिशवी न उघडता ती पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतील थोडे थोडे पाणी तीत घालावे. अर्ध्या तासाने मऊ जाळीने मासे अलगद टाकीत सोडावेत व पिशवीतील पाणी फेकून द्यावे. प्रथम चार-पाच व पंधरा दिवसांनी उरलेले अशा दोन खेपा करणे उत्तम, कारण जिवाणूंची संख्या माशांच्या संख्येबरोबर वाढावी लागते. दुसऱ्या खेपेचे मासे शक्य तर हे दिवस वेगळ्या भांड्यात ठेवून ते निरोगी असल्याची खात्री करून घ्यावी.

अन्न दिवसातून एकदा किंवा दोनदा, आणि दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. टाकीतील मासे उपासमारीने क्वचितच मरतात. ते अतिप्रेमाने मरतात. कोरड्या खाद्याबरोबर अधूनमधून डासांच्या अळ्या दिल्यास मासे उल्हसित होतात. उकडलेल्या अंड्याचा बलक, भाताची शिते, पावाचा चुरा पाणी नासवितात, म्हणून टाळावे. चतुर्थीच्या सणास चार-पाच दिवस घर बंद ठेवावयाचे असेल तर काळजी नको. पूर्ण वाढलेले निरोगी मासे तेवढा काळ अन्नावाचून राहतात. शेजाऱ्यास खाद्याचा डबा सोपवून जाण्यात मात्र धोका आहे.

दर आठवड्यास पाण्याचा पाचवा ते चौथा हिस्सा नळीने काढून तेवढेच, क्लोरीन गेलेले व त्याच तापमानाचे पाणी घालावे. सर्व पाणी एकदम बदलून, खडी साबणाने धुऊन ‘टाकी स्वच्छ करण्याची’ पद्धत सर्वत्र आढळते. ती घातक आहे, कारण दीड महिन्याची जिवाणूंची कमाई त्यात एका तासात नाहीशी होते. गाळणीचा स्पंजही नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा.

उष्मा, वीजटंचाई व रोग

पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांस एका लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. 30 अंशांस तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास उतरतो. त्याच वेळी उष्णतेने माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. उन्हाळ्यात मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करू लागले तर हे अडचणीचे लक्षण समजावे. झाकण थोडे उघडून त्यावर बारीक जाळी टाकावी, हवेचा पंप वाढवावा आणि त्या दिवशी अन्न देऊ नये. वीज गेल्यास पेल्याने पाणी वर घेऊन काही उंचीवरून पुन्हा टाकीत सोडत राहावे. ही जुनी युक्ती आजही उपयोगी पडते. बॅटरीवर चालणारा लहान पंप घरात असणे अधिक बरे. ग्वाल्हेर, इंदूरकडील हिवाळ्यात लिटरमागे सुमारे एक वॅट या हिशोबाने तापमापक-नियंत्रक असलेला हीटर वापरावा. पाण्यात हात घालण्यापूर्वी विजेची सर्व उपकरणे बंद करावीत व मुलांना ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

सर्वाधिक आढळणारा रोग म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा. मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके अंगावर व परांवर दिसतात व मासे वस्तूंवर अंग घासतात. हा एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. तो माशाच्या त्वचेखाली असताना औषध त्याला लागू पडत नाही. त्वचा सोडून तो पाण्यात वाढतो व त्याची पिल्ले नवा मासा शोधत पोहू लागतात, तेव्हाच ती मरतात. म्हणून ठिपके दिसेनासे झाल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत उपचार चालू ठेवले पाहिजेत. मध्येच थांबविल्यास रोग उलटतो.

शिक्षकांसाठी

शाळेत मत्स्यपेटी ठेवावयाची झाल्यास एक वस्तुस्थिती ध्यानात ठेवावी. मंजूर रक्कम आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी खर्च करण्याच्या घाईत टाकी व मासे एकाच दिवशी खरेदी केले, तर पुढे दोन संकटे उभी राहतात. एक म्हणजे तयार नसलेले पाणी आणि दुसरे उन्हाळी सुटी. सुटीनंतर मुले परत येतात ती रिकाम्या टाकीपाशी. त्याऐवजी वर्षाच्या आरंभी केवळ टाकी मांडावी, सहा आठवडे मुलांकडून पाण्याची तपासणी करवून तिचा आलेख वर्गात लावावा, आणि मासे पावसाळ्यात आणावेत. रिकाम्या टाकीचे ते सहा आठवडे विज्ञानाच्या एखाद्या पाठाइतकेच मोलाचे ठरतील. सुटीत टाकीची जबाबदारी कोणाकडे, हे नाव व दिवस घालून आधीच लिहून ठेवावे.

डॅनिओची वीण हा तर मुलांसाठी सोहळाच होय. वेगळ्या टाकीत तळाशी काचेच्या गोट्या पसराव्यात व सायंकाळी दोन नर व एक मादी त्यात सोडावी. दुसऱ्या दिवशी उजाडताच मादी अंडी टाकते. अंडी गोट्यांच्या फटींत पडल्यामुळे ती मोठ्या माशांच्या तोंडी जात नाहीत. त्यानंतर मोठे मासे काढून घ्यावेत. अंडी पारदर्शक असतात. 28 अंशांच्या आसपासच्या पाण्यात एका दिवसात आतील हृदय धडधडू लागते आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसते. दोन-तीन दिवसांत पिल्ले बाहेर येतात व पाचव्या दिवसाच्या सुमारास पोहू लागतात. ज्या मुलाने धडधडणारे हृदय पाहिले, ते ओहोळातील थव्यावर दगड टाकताना एकदा तरी थांबेल.

ओहोळाचे ओहोळाला, टाकीचे टाकीला

शेवटी दोन गोष्टी विशेष आग्रहाने सांगावयाच्या आहेत.

पहिली अशी की, पाळलेले मासे नको झाले म्हणून कोणत्याही तळ्यात, नदीत वा विहिरीत सोडू नयेत. ते पुण्यकर्म वाटते, पण परिणाम उलट होतो. काच साफ करण्यासाठी म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतील चिकट्या तोंडाचा ‘सकर’ मासा अशाच मार्गाने सुटून भारतातील अनेक जलाशयांत पसरला आहे. अंगावरील हाडांच्या कठीण कवचामुळे त्याला खाणारे शत्रू थोडे. तो काठ पोखरून बिळे करतो व मच्छीमारांची जाळी फाडतो. पाळीव माशांबरोबर त्यांचे रोगही नदीत जातात. मासे नको असल्यास दुकानदारास परत करावेत वा दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावेत.

दुसरी गोष्ट याच्या उलट दिशेची आहे. आपल्या ओहोळांतून मासे ओरबाडून टाकीत आणू नयेत. याचा दाखला पश्चिम घाटातच आहे. केरळ व दक्षिण कर्नाटकातील काही नद्यांत अंगावर लाल रेघ असलेला एक सुंदर बार्ब थव्याने राहतो. फ्रान्सिस डे यांनी 1865 साली त्याचे वर्णन करून मद्रासचे तत्कालीन गव्हर्नर डेनिसन यांचे नाव त्याला दिले. गेल्या शतकाच्या अखेरीस परदेशच्या बाजारात त्याची कीर्ती झाली आणि नद्यांतून तो मोठ्या प्रमाणावर पकडला जाऊ लागला. थव्याने राहण्याची त्याची सवयच त्याच्यावर उलटली, कारण एक थवा सापडला की जाळ्यात सारेच येतात. आज आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत तो धोक्यात आलेल्या जातींत मोडतो. 2013 साली शास्त्रज्ञांनी त्याला सह्याद्रीवरून ‘सह्याद्रिया’ असे नवे कुलनाम दिले. ज्या पर्वताचे नाव त्याने धारण केले, तेथूनच तो नाहीसा होऊ नये, ही आपल्या सर्वांची जबाबदारी आहे. म्हणून टाकीसाठी मासे घेताना ते टाकीतच पैदास केलेले आहेत ना, असे विक्रेत्यास स्पष्ट विचारावे. डॅनिओ, गुलाबी बार्ब व वाघ्या बार्ब यांची पैदास टाकीत सहज होते आणि ग्रामीण कुटुंबास तो एक पूरक व्यवसायही होऊ शकतो. इच्छुकांनी जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे चौकशी करावी.

थोडक्यात सांगावयाचे तर एकच जात, आठ-दहांचा थवा, पन्नास लिटर पाणी, सहा आठवड्यांचा धीर आणि आठवड्यातून अर्ध्या तासाची निगा, एवढे केले की पुरे. मग सायंकाळी दिवा लावल्यावर टाकीजवळ उभे राहावे. पहिल्या दिवसांत आपली सावली पडताच थवा वळून पळेल. महिन्याभरानंतर मात्र तोच थवा आपली चाहूल लागताच काचेकडे येऊ लागेल. मासे लाभले, असे तेव्हा खुशाल म्हणावे.